वास्तू, वृक्ष आणि चित्रकार

मुंबईत जुन्या इमारतीच्या जागी नवी उभी राहणार असली, की तिच्याआधी तिचे चित्र उभे राहते. रस्त्याकडेच्या पत्र्यांच्या कुंपणावर ते रंगवलेले असते. गगनाला भिडणारा मनोरा, त्याच्या पायाशी गालिच्यासारखी हिरवळ, तिच्यावर फुगा धरून धावणारे मूल आणि दोहो बाजूंना दाट सावलीचे वृक्ष. हे वृक्ष त्या जागी पूर्वी नव्हते आणि पुढेही होणार नाहीत. कारण ज्या जमिनीत त्यांनी मुळे पसरायची, ती मोटारींच्या तळघराने आधीच गिळलेली असते. उलट, जो खराखुरा गुलमोहर वा बूच त्या आवारात दोन पिढ्यांना फुले देत उभा होता आणि ज्या वळणदार सज्जांपर्यंत त्याच्या फांद्या पोचत होत्या, त्यांचे चित्र बहुधा कोणीच काढलेले नसते. जे होणार नाही त्याचे चित्र आहे, जे होते त्याचे नाही, अशी ही विपरीत स्थिती आहे. ती केवळ चित्रकलेच्या वर्तुळापुरती मर्यादित नाही. शहराच्या स्मृतीचा ठेवा कोणाच्या हाती असावा, असा हा प्रश्न आहे.

ज्या वास्तूंविषयी हे म्हणायचे, त्या फार प्राचीन नाहीत. १८९६ च्या प्लेगने मुंबईच्या कोंदट वस्तीचे वाभाडे काढले आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. दादर-माटुंग्याचे नियोजन हे या ट्रस्टचे अपत्य. रुंद रस्ते, इमारतीभोवती सक्तीने सोडलेली मोकळी जागा, मधूनमधून बागा, असा तो आराखडा होता. फाइव्ह गार्डन्स, हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, किंग्ज सर्कलचे आजचे महेश्वरी उद्यान ही सारी त्या नियोजनाची साक्ष देतात. १९२५ मध्ये माहीम पार्क या नावाने खुले झालेले आणि १९२७ मध्ये शिवरायांच्या नावाने ओळखले जाऊ लागलेले शिवाजी पार्क आणि त्याच्या भोवतीची वसाहत हाही त्याच काळाचा वारसा. तिकडे बॅकबेच्या भरावावर मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानाची पश्चिम बाजू उभी राहात होती. सिमेंट-काँक्रीट सुलभ झाले होते, परदेशी नियतकालिकांतून नवी शैली इकडे येऊन पोचली होती, आणि सर ज. जी. च्या वास्तुशाखेतून बाहेर पडलेले एतद्देशीय वास्तुविशारद ती स्वतःच्या हवेला, पावसाला आणि गिऱ्हाइकाच्या खिशाला जुळवून घेत होते. गजानन बाबूराव म्हात्रे हे त्यांतले एक अग्रगण्य नाव. मरीन ड्राइव्हवरील 'सूना महाल' आणि ओव्हलसमोरील 'एम्प्रेस कोर्ट' या त्यांच्या कृती शेकडो वेळा पाहिलेल्या मुंबईकरालाही त्यांच्या कर्त्याचे नाव सहसा ठाऊक नसते. वास्तुविशारद कमू अय्यर यांनी २००० साली म्हात्र्यांच्या कामावर एक ग्रंथ सिद्ध केला, म्हणून निदान अभ्यासकांना तरी ते नाव परिचित झाले.

या शैलीला 'आर्ट डेको' म्हणतात, आणि तिची लक्षणे आता शाळकरी मुलांनाही पाठ व्हावीत इतकी प्रसिद्ध झाली आहेत. कोपऱ्यावर गोलावणारी भिंत, खिडकीच्या वर भुवईसारखा पुढे आलेला छज्जा, जहाजाच्या झरोक्यासारखी गोल खिडकी, फाटकावर उगवत्या सूर्याची किरणे वा लाटा दाखवणारे लोखंडी काम, जिन्यात रंगीत सिमेंटच्या लाद्या. चाळिशी-पन्नाशीच्या दशकांत तिचा थाट उतरत गेला, दागिने कमी झाले, पण देह तोच राहिला. मध्यमवर्गीयांच्या तीन मजली इमारती त्याच घडणीच्या आहेत.

तथापि, या लक्षणांच्या यादीत एक गोष्ट सहसा येत नाही, आणि चित्रकाराच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची आहे. दादर-माटुंग्याच्या या इमारतींना तळमजला आणि वर दोन-तीन मजले, एवढीच उंची असते. पूर्ण वाढलेल्या पर्जन्यवृक्षाची वा सोनमोहराची उंची साधारण तेवढीच. त्यामुळे इमारत आणि वृक्ष हे तेथे एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभे असतात. पहिल्या मजल्याच्या सज्जातून खोड दिसते, दुसऱ्यावरून पानांच्या आतला काळोख दिसतो, आणि गच्चीवरून फुलांचा पिवळा शेंडा. उन्हाळ्यात भिंतीवर ऊन पडत नाही, पानांची सावली पडते, आणि ती वाऱ्याबरोबर हलते. सपाट, अलंकारहीन भिंतीला शोभा यावी म्हणून वास्तुविशारदाने काही केले नाही असे वरवर पाहणाऱ्यास वाटते. वस्तुतः ते काम झाडाच्या सावलीवर सोपवलेले असावे असे त्या रस्त्यांवरून चालताना पदोपदी जाणवते. चाळीस मजल्यांच्या मनोऱ्याला हे नाते ठेवता येत नाही. त्याचे पहिले पाच-सात मजले मोटारींचे असतात, म्हणजे झाडाच्या उंचीवर माणूस राहातच नाही. तेथे झाडाला शेजारी उरत नाही.

२०१८ साली ओव्हल मैदानाच्या एका बाजूच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि दुसऱ्या बाजूच्या आर्ट डेको वास्तूंना युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. एकूण ९४ वास्तूंचा हा समूह आहे. घारापुरीची लेणी आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस यांच्यानंतर मुंबईला मिळालेला हा तिसरा मान. या मानाचे मर्म नीट ध्यानी घेतले पाहिजे. दोन युगांच्या वास्तू समोरासमोर दिसतात, त्या मधे हिरवे मैदान आणि त्याच्या कडेला ताडांच्या रांगा आहेत म्हणून. मैदान काढून घेतले, तर उरतील त्या इमारतींच्या दोन रांगा. म्हणजे मान वास्तूंना मिळाला तरी तो मोकळ्या जागेचाही आहे.

या मानानंतर, आणि थोडा त्याच्या आधीपासूनही, या इमारतींची चित्रे काढण्याची एक लाट आली. तरुण चित्रकार-चित्रकर्त्री रविवारी सकाळी वह्या घेऊन मरीन ड्राइव्हला, फाइव्ह गार्डन्सला बसू लागले. त्यांची चित्रे दिनदर्शिकांवर, चहाच्या पेल्यांवर, कापडी पिशव्यांवर आली. याला नाके मुरडण्याचे कारण नाही. ज्या इमारतींकडे तिथले भाडेकरूही मान वर करून पाहात नव्हते, त्यांना या चित्रांनी चेहरा दिला. चित्रकाराला त्यातून चार पैसे मिळाले तर ते चांगलेच आहे. दलालांची मुखपृष्ठेही विकण्यासाठीच होती. पण या चित्रांत एक खोड शिरली आहे, आणि ती सांगितली पाहिजे. इमारत ओळखू यावी, तिची गोल खिडकी आणि सूर्यकिरणांची जाळी ठळक दिसावी, म्हणून पुढचे झाड सर्रास वगळले जाते. फिक्या गुलाबी वा पिस्त्याच्या रंगात बुडवलेली, स्वच्छ, निर्मनुष्य, कागदातून कातरून काढल्यासारखी इमारत उरते. वाळत घातलेले कपडे नाहीत, तुळशीचे डबे नाहीत, प्लॅस्टर सुटलेली कड नाही, पिंपळाने भिंतीत घातलेले मूळ नाही. झाड हवेच असेल तर परदेशी समुद्रकिनाऱ्यावरच्या चित्रातून उचललेला एखादा ताड कोपऱ्यात रोवून दिला जातो. अलीकडे तर शब्द घातले की क्षणात चित्र देणारी यंत्रे आली आहेत. त्यांच्याकडे मुंबईची आर्ट डेको इमारत मागावी, तर मिळते ते पुष्कळदा मायामी शहराचे भावंड असते. यंत्राला दोष काय द्यावा? माटुंग्याची पुरेशी चित्रे माणसांनीच काढून ठेवली नाहीत, तर यंत्र ती आणणार कोठून?

वास्तविक चित्राने साक्ष ठेवण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस पुणे दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्यासाठी गंगाराम चिंतामण तांबट या पुण्याच्या कारागिराने वेरूळच्या लेण्यांची आणि पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंड्याची चित्रे काढली. लेणी आजही आहेत, शिकारखाना गेला. तो कसा होता हे डोळ्यांनी पाहायचे, तर तांबटांच्या कागदाखेरीज फारसा आधार नाही, आणि त्यांची चित्रे आहेत अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संग्रहात. ज. जी. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली १८७२ पासून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. त्यांतील पुष्कळशा लंडनमध्ये १८८५ च्या आगीत गेल्या. त्यापूर्वी १८६६ मध्ये रॉबर्ट गिल यांच्या प्रतिकृतींचीही तीच गत झाली होती. एकाच ठिकाणी सारा ठेवा ठेवण्याचा हा परिणाम. पुढे याच कलाशाळेत वास्तुकला शिकवणारे क्लॉड बॅटली विद्यार्थ्यांना टेप आणि पट्टी देऊन जुन्या वास्तूंची मापे घ्यायला धाडत. त्या रेखांकनांचा संग्रह १९३४ मध्ये ग्रंथरूपाने आला. धुरंधरांनी १९१२ साली एका इंग्रजी ग्रंथासाठी मुंबईच्या गल्लीबोळांची आणि माणसांची चित्रे काढली. त्यांवरून आज त्या काळचे पागोटे कसे बांधत तेही कळते. व्यंगचित्रकार वसंत सरवटे पेशाने स्थापत्य अभियंता होते. त्यांच्या चित्रांतल्या मध्यमवर्गीय घराचा जिना, कठडा आणि खिडकी कधी हवेत तरंगत नाही, याचे कारण तेही असेल. मारिओ मिरांडा यांनी गोव्याची घरे आणि मुंबईची गर्दी यांना दिलेले रूप तर सर्वपरिचित आहे. या साऱ्यांना एक सवय होती. समोर जे आहे ते आधी पाहायचे, मग सजवायचे.

ती सवय शाळेत लागायची, आणि तेथेच ती मोडली जाते. राज्यात दरवर्षी असंख्य मुले एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसतात. दहावीच्या वाढीव गुणांच्या आशेने का होईना, बसतात. परंतु कोणत्याही शाळेच्या भिंतीवर टांगलेली चित्रे पाहावीत. दोन डोंगर, त्यांच्या बेचक्यातून उगवणारा सूर्य, नागमोडी नदी, कौलारू झोपडी, आणि तिच्यावर झुकलेला माड. हे चित्र काढणारा मुलगा भायखळ्याला चाळीत राहातो, खिडकीतून त्याला पलीकडची गच्ची आणि पाण्याची टाकी दिसते, आणि पायी दहा मिनिटांवर राणीचा बाग आहे. १८६२ मध्ये खुल्या झालेल्या या उद्यानात गोरखचिंचेचे हत्तीच्या पायासारखे खोड आहे, खोडालाच फुले येणारा कैलासपती आहे, लाल झुंबरे मिरवणारी उर्वशी आहे. २०१६ मध्ये पेंग्विन आले तेव्हापासून गर्दीचा ओढा त्यांच्याकडे, हे स्वाभाविकच. पण गोरखचिंचेला रांग लावावी लागत नाही, आणि ती बसल्या जागेवरून हलत नाही. चित्र काढायला शिकणाऱ्या मुलाला याहून सोयीचे काय हवे? त्याने तो माड मनातून काढावा आणि ती चिंच डोळ्यांनी पाहू नये, ही शिकवणीची तऱ्हा आहे, मुलाची नव्हे.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. चित्रकाराला जी इमारत देखणी वाटते, तिच्यात राहणाऱ्याला ती गळते. तिसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाईला जिना उतरवत नाही, म्हणून तिने वर्षभरात रस्ता पाहिलेला नसतो. लिफ्टला जागा नाही, सळ्या गंजून छताचे पोपडे पडतात, पागडीच्या भाड्यात मालकाला दुरुस्ती परवडत नाही. मुंबई बेटावरील १९४० पूर्वीच्या उपकरप्राप्त इमारती 'अ' वर्गात, १९५० पर्यंतच्या 'ब' वर्गात आणि १९६९ पर्यंतच्या 'क' वर्गात मोडतात. आर्ट डेकोचा ऐन बहर आणि त्याचा उतार हे बहुतांशी याच वर्गांत बसले आहेत. विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(७) कलमाने या इमारतींच्या रहिवाशांना मालकीचे, मोठे आणि कोरडे घर मिळण्याची वाट दिली. त्या वाटेने जाऊ पाहणाऱ्या कुटुंबाला, तुमच्या खिडकीवरचा छज्जा जगात दुर्मिळ आहे हो, असे सांगणे म्हणजे उपाशी माणसाला ताटाच्या नक्षीचे कौतुक ऐकवणे आहे. जे वारसाप्रेमी हे समजून घेत नाहीत, त्यांचे कोणी ऐकत नाही, आणि ते योग्यच आहे. यांतील बऱ्याच इमारती पडणार, हे गृहीत धरूनच बोलले पाहिजे.

पण पडणार आहेत म्हणूनच तर त्यांचे रेखाटन निकडीचे. घर देणे आणि स्मृती ठेवणे यांत कोठेही वैर नाही. पाडकामाच्या हातोड्याआधी आठ दिवस दोन विद्यार्थी तेथे बसले, तर कोणाचे घर लांबणीवर पडत नाही.

छायाचित्रे आहेत की, असे कोणी म्हणेल. आज तर प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. छायाचित्र अवश्य घ्यावे. परंतु रस्त्यावर उभे राहून माटुंग्याच्या इमारतीचे छायाचित्र घेणाऱ्याला पहिला अनुभव येतो तो हा, की झाडामुळे इमारत दिसत नाही. झाड टाळले तर चित्र खोटे, झाड घेतले तर इमारत अदृश्य. चित्रकार मात्र पानांचा पदर किंचित बाजूला सारून मागची जाळी दाखवू शकतो आणि झाडही जागेवर ठेवू शकतो. इमारत उभी छेदून, आतला जिना, सज्जा, आवार, झाडाचा बुंधा आणि रस्त्याची कड ही सारी एका कागदावर मापासह मांडता येतात. पहिल्या मजल्याचा कठडा फांदीपासून किती हात दूर होता, हे कोणतेही छायाचित्र सांगत नाही. शिवाय, छायाचित्र क्षणात घेता येते, म्हणून त्यासाठी पाहावे लागत नाही. जाळीतला उगवता सूर्य रेखाटणाऱ्याला त्याची किरणे मोजावी लागतात.

कायद्याच्या बाजूने पाहिले तरी हीच फट दिसते. इमारतींसाठी १९९५ पासून मुंबईत वारसा नियमावली आणि यादी आहे. झाडांसाठी १९७५ चा वृक्षसंरक्षणाचा अधिनियम आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिला. एक कागद वारसा समितीकडे, दुसरा वृक्ष प्राधिकरणाकडे. त्या दोघांच्या मधली जागा, म्हणजे आवार, तिथला मोगऱ्याचा वाफा, पारिजातकाखालचा कट्टा, फाटकावरून वाढवलेली मधुमालती, ही कोणाच्याच दप्तरात नाही. वास्तू आणि बाग यांना एकत्र पाहणारा एकमेव दस्तऐवज चित्रकाराच्या फळीवर तयार होऊ शकतो.

तेव्हा करायचे काय? जुन्या इमारतीच्या पाडकामाची परवानगी देताना आज विकासकाकडून नाना दाखले आणि शुल्के घेतली जातात. त्यांत आणखी एका अटीची भर घालणे अवघड नाही. इमारतीचे दर्शनी रेखांकन, आवारासह एक छेद, फाटक-जाळी-लाद्यांचे तपशील, आणि प्रत्येक मोठ्या झाडाचे नावानिशी चित्र, इतके कागद महापालिकेत दाखल झाल्यावाचून परवानगी मिळू नये. खर्च विकासकाने द्यावा. एकूण व्यवहारात तो त्याला जाणवणारही नाही. काम मात्र त्याच्या कचेरीतून होऊ नये. ते कला आणि वास्तुकला महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांकडून, शिक्षकांच्या देखरेखीखाली व्हावे, आणि विद्यार्थ्यांना त्याचा रोख मोबदला मिळावा. 'अनुभव मिळेल' या नाण्याने तरुण चित्रकारांची बोळवण करण्याची जी रीत पडली आहे, तिची पुनरावृत्ती येथे नको. कागदांच्या प्रती निदान तीन ठिकाणी राहाव्यात. लंडनच्या दोन आगी त्यासाठी पुरेशा आहेत. आणि ज्या कुटुंबांनी ती इमारत सोडली, त्यांना नव्या घराच्या किल्लीबरोबर एक छापील प्रत मिळावी. तिच्यासाठी भिंतीवर जागा बहुतेक घरे आनंदाने काढतील.

एक क्षुल्लक वाटणारी अडचण येथेच नोंदवायला हवी. जुन्या इमारतीसमोर वही घेऊन बसलेल्या माणसाकडे हल्ली संशयाने पाहिले जाते. हा बिल्डरचा माणूस, मापे घ्यायला आला, असा रहिवाशांचा समज होतो. बागेत बसला तर रखवालदार परवानगीचा कागद मागतो. रहिवाशांचा संशय समजण्यासारखा आहे. त्यांनी बरेच काही सोसलेले असते. रखवालदाराचा प्रश्न मात्र महापालिकेने एका परिपत्रकाने मिटवावा. उद्यानात बसून चित्र काढणे हा उद्यानाचा उपयोग आहे, दुरुपयोग नव्हे, एवढे त्यात लिहिले तरी पुरे.

मुंबईबाहेरही स्थिती फार निराळी नाही. पुण्याच्या प्रभात रस्त्यावर आणि डेक्कन जिमखान्यावर तीस ते पन्नासच्या दशकांत झालेले बंगले, त्यांच्या पुढच्या पोर्चवर चढलेली बोगनवेल आणि मागचा रामफळ यांची जागा एकेक करून सदनिकांनी घेतली. तेथे आता रेखाटायला फारसे उरले नाही, आणि जे उरले आहे त्याच्या फाटकावर बहुधा वकिलाची नोटीस आहे.

काम सुरू करण्याची वेळही निसर्गाने आणि सरकारी रिवाजाने ठरवून ठेवली आहे. माघ-फाल्गुनात पांगारा आणि सावर निष्पर्ण होतात. त्या दिवसांत झाडामागची इमारत सर्वांत स्वच्छ दिसते. वैशाखात गुलमोहर आणि सोनमोहर फुलतात, तेव्हा रंगाचे काम. आणि पावसाळ्याच्या तोंडावर म्हाडाचे दुरुस्ती मंडळ दरवर्षी अतिधोकादायक इमारतींची यादी प्रसिद्ध करते. त्या यादीत ज्यांची नावे येतात, त्यांच्यासमोर त्यानंतर खुर्ची टाकून बसणे कोणालाच शक्य नसते.